पावसाळा गाळून गोव्याचा गेम?

फोंड्यातल्या एका छोट्या टीमचा प्रश्न आलाय. १५१० ते १६८४ या काळातल्या गोव्यावर ते टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायचा, स्ट्रॅटेजी गेम बनवताहेत. पावसाळ्यात बंदर बंद ठेवलं की खेळून बघणारी पोरं कंटाळतात, उघडं ठेवलं की टीममधला इतिहासवाला चिडतो. इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) दाखवायचं की गाळायचं, आणि १६८३ मध्ये संभाजी महाराजांना गोवा घेऊ द्यायचा की नाही, यावरूनही त्यांचं अडलंय. आधी इतिहास की आधी मजा, तेवढं सांगा, असं त्यांचं म्हणणं.

स्ट्रॅटेजी गेमचे नियम लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. त्यावरून सांगतो: त्या काळच्या माणसावर जो दाब होता तो खरा ठेवा, आणि त्या दाबाखाली काय करायचं ते खेळाडूवर सोडा. वारा, भरती-ओहोटी, अंतर, धान्य, पैसा, दरबारातली भांडणं यांत तडजोड नको. अमुक तारखेला कोण जिंकलं, शिपायाच्या डोक्यावर कसली टोपी होती, यांत हवी तेवढी सूट घ्या. बहुतेक टीम नेमकं उलट करतात. टोप्या अचूक, आणि जहाजं भर जुलैत मांडवीतून खुशाल ये-जा करताहेत.

पावसाळ्यावर जरा जास्त बोलतो, कारण तुमचा निम्मा गेम तिथेच आहे. १५१० च्या सुरुवातीला आफोंसो द आल्बुकेर्कने विजापूरकरांकडून गोवा घेतला. मे महिन्यात आदिलशाही फौज परत आली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर चढावं लागलं. चढले खरे, पण जाणार कुठे? मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. ऑगस्टपर्यंत सगळा काफिला नदीतच अडकून पडला. पणजीच्या किल्ल्यावरून तोफा चालू, म्हणून भर पावसात त्या किल्ल्यावर छापा घालावा लागला. खाण्याचे इतके हाल, की उंदीर आणि कातडीसुद्धा सोडली नाही. पाऊस ओसरल्यावर बाहेर पडले, कुमक जमवली, आणि २५ नोव्हेंबरला शहर पुन्हा घेतलं. आता या हकिकतीतून पाऊस काढून बघा. एक फौज आली, दुसरी पळाली, पहिली परत आली, एवढंच उरतं. असल्या लढाया कुठल्याही गेममध्ये शेकड्यांनी सापडतात, त्यासाठी गोव्याचा नकाशा काढायची गरज नाही.

मग तुमची पोरं कंटाळतात का? तुम्ही लिहिलंय त्यावरून दिसतं, की जून ते सप्टेंबर असे चार टर्न खेळाडूला नुसतं ‘पुढे’ दाबावं लागतं. कंटाळा त्या बटणाचा आहे, पावसाचा नव्हे. प्रत्येक टर्न सारख्याच लांबीचा हवा असा काही कायदा नाही. १९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये सुरुवातीचा एक टर्न म्हणजे वीस वर्षं, आणि शेवटाकडे एक वर्ष. जिथे निर्णय दाट तिथे काळ सावकाश, जिथे विरळ तिथे झपाट्याने. तुम्हीही ऑक्टोबर ते मे असे आठ टर्न ठेवा आणि अख्खा पावसाळा एकाच मोठ्या टर्नमध्ये बसवा. त्या टर्नमध्ये समुद्र बंद, पण बाकीचं सगळं चालू. गलबतं किनाऱ्यावर ओढून डागडुजी, आदिलशाही सरदारांशी पत्रव्यवहार, हेरगिरी, कर्ज. आणि शेती. खाजन शेतं भरतीच्या पातळीच्या खाली असतात, बांध आणि मानशीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांच्या, जोरावर खारं पाणी बाहेर राहतं. बांधाची देखभाल गावकरी करते, म्हणजे गावाची संस्था. पावसाआधी तिथे पैसा आणि माणसं लावली नाहीत आणि बांध फुटला, तर त्या वर्षीचं पीक जातंच, शिवाय खारावलेली जमीन पुढचे काही हंगाम नीट पिकत नाही. विशीतल्या पोराला बांधाची काळजी करायला लावणं अवघड वाटेल, पण त्याच बांधाच्या भातावर त्याची पलटण पोसली जाते हे त्याला एकदा कळू द्या.

असं केलंत की मेचा टर्न वर्षातला सगळ्यात तणावाचा होईल. कोण आत, कोण बाहेर? होरमुझहून घोडे घेऊन येणाऱ्या गलबतांची आणखी वाट बघायची, की ती वाटेत अडकली असं समजून दुसरा बेत करायचा? वेढा घातलेला असेल तर उठवायचा की चिखलात बसून राहायचं? यातलं काहीच तुम्हाला कल्पनेने रचावं लागत नाही.

शिवाय ‘बंदर बंद’ ही गोष्ट तितकी सरसकटही नाही, आणि इथे इतिहासवाल्या मित्राला थोडं छेडता येईल. मांडवीचं तोंड बंद असलं तरी जुवारीच्या मुखावर मुरगाव आहे, आणि कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारीतून मांडवीत येता येतं. खनिजाच्या बार्जसुद्धा पावसाळ्यात त्याच वाटेने जायच्या. मुरगावच्या किल्ल्याचं बांधकाम १६२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे खेळाडूपुढे खराखुरा पर्याय आहे: मुरगावात खर्च करून पावसाळ्यात चिंचोळी का होईना एक वाट उघडी ठेवायची, की तो पैसा आग्वादवर घालायचा? १६८३ मधल्या मराठ्यांच्या धसक्यानंतर विजरईने, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या गोव्यातल्या प्रतिनिधीने, राजधानीच मुरगावला हलवायचं ठरवलं होतं. कामही सुरू झालं, ते रेंगाळलं आणि शेवटी बारगळलं. तुमच्या गेममध्ये ते पूर्ण होऊ शकतं. इतिहासाला कुठेही धक्का न लावता वेगळा इतिहास घडवायची याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

अंतराचंही तसंच. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचत. परतीची डिसेंबर-जानेवारीत सुटत. जानेवारीत राजाला पत्र लिहिलं तर उत्तर पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारण पावणेदोन वर्षांनी. विजरईची मुदत बहुधा तीन वर्षांची. एका मुदतीत फार तर एक सवाल-जवाब! ताबडतोब हुकूम मिळणाऱ्या गेमची सवय असलेला खेळाडू आधी वैतागेल, मग ‘राजाची परवानगी येईपर्यंत काम उरकून टाकू’ हे धोरण आपणहून शोधून काढेल. खऱ्या विजरईंनीही तेच शोधलं होतं.

आणि पाऊस नेहमी शत्रूच असतो असंही समजू नका. १६३६ पासून काही वर्षं डच आरमार दर हंगामात मांडवीच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करायचं आणि पावसाळ्याच्या आधी निघून जायचं. सोळाव्या शतकात ज्या पावसाने खेळाडूला कोंडलं, तोच सतराव्या शतकात त्याची सुटका करतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्येही हिंदुस्थानच्या प्रांतांना पावसाळा आहे, तिथे सैन्याची झीज वाढते. त्या गेममध्ये खेळाडूसमोर अख्खं जग असल्यामुळे तेवढं पुरतं. तुमचं अख्खं जग तिसवाडीपासून (जुनं गोवा आणि पणजीचा भाग) घाटापर्यंत, तिथे झिजेची टक्केवारी लावून भागणार नाही.

कुठला तपशील ठेवायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: हा काढला तर खेळाडूचा एखादा निर्णय बदलतो का? बदलत असेल तर तपशील राहील. नसेल तर तो चित्रात, संगीतात किंवा माहितीच्या पानावर जाईल, नियमांत त्याला जागा नाही. या कसोटीवर चिकार गोष्टी गळतात. प्रत्येक तोफेचा गोळा किती वजनाचा, प्रत्येक फिदाल्गूचं (पोर्तुगीज सरदाराचं) पूर्ण नाव, मिठाचे सहा प्रकार. इतिहासवाल्याला वाईट वाटेल. त्याला माहितीची पानं लिहायला द्या, तो रमेल.

उलट बाजूने, खोटं असूनही टिकतं असं उदाहरण हवं तर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ घ्या. २०१५ मध्ये त्यात पोर्तुगीज आले आणि त्यांच्यासोबत ‘फेतोरिया’ नावाची इमारत आली. फेतोरिया म्हणजे वखार, गोव्याच्या इतिहासात पानोपानी भेटणारी. गेममध्ये ती एकदा बांधली की अन्न, लाकूड, सोनं, दगड असं सगळं आपोआप गळत राहतं. शुद्ध भाकडकथा! कुठल्याच वखारीत सोनं आपोआप गळत नाही. पण त्या इमारतीने वीस माणसांची जागा अडते. तेवढे सैनिक किंवा कामकरी कमी. दूरच्या व्यापारातून पैसा येतो, त्या बदल्यात माणसं अडकून पडतात, हे पोर्तुगीज साम्राज्याचं मूळ दुखणं त्या एका आकड्यात उतरलंय. मला ती इमारत आवडते.

नशिबाच्या बाबतीत मात्र खरेपणा खेळाडूला सहन होत नाही, त्याला फसवणूक वाटते. ‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या आवृत्तीत भालेवाल्याकडून युद्धनौका हरायची, लोक अजून हसतात. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिटला वेगळं ‘आयुष्य’ आणि माऱ्याची ताकद देऊन ते आटोक्यात आणलं. ‘सिव्हिलायझेशन’ बनवणाऱ्या सिड मायरने २०१० मध्ये डेव्हलपरांच्या परिषदेत सांगितलेला अनुभवही असाच: तीनास एक अशी अनुकूल शक्यता दाखवली की लोक धरूनच चालतात की आपण जिंकणार, आणि हरले की गेमवर खापर. शेवटी आकडेच त्यांच्या समजुतीला जुळवून घ्यावे लागले. तुमच्याकडे वादळं असणार. तुमचं आरमार निम्मं बुडालं असा निरोप अचानक आला, तर तो इतिहासाला धरून असेल, पण खेळाडू गेम बंद करेल. त्याऐवजी मेच्या अखेरीस निघायचं की नाही हे त्याला ठरवू द्या आणि धोका आधी दाखवा. मग बुडालं तर तो स्वतःला शिव्या देईल, तुम्हाला नाही.

टोप्यांबद्दल वर बोललो त्याला एक पुरवणी जोडतो. ‘रोम: टोटल वॉर’ (२००४) मध्ये इजिप्तची फौज फारोंच्या काळातली दिसते. त्या काळात तिथे टॉलेमी घराण्याचं, म्हणजे ग्रीक-मॅसिडोनियन वळणाचं राज्य होतं आणि त्यांची मदार लांब भाल्यांच्या दाट रांगांवर होती. गेमने रथ दिले. ही चूक निव्वळ पोशाखाची राहत नाही, लढायची पद्धतच बदलते. म्हणूनच मॉड करणाऱ्यांनी, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या हौशी मंडळींनी, ते सगळं नव्याने रचलं. तुमच्या गेममधला मराठा शिपाई कुठली पगडी घालतो याने फार बिघडत नाही, पण तो ओहोटी बघून नदी उतरत नसेल तर बिघडतं.

आता इन्क्विझिशन. गाळू नका. १५६० मध्ये ते गोव्यात आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. गोव्यातले बार्देश आणि साष्टी हे भाग १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्या शतकात देवळं पाडली गेली, माणसं देव घेऊन नदीपार, पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तुम्ही फोंड्याचे, तुम्हाला हे मी काय सांगावं. तुमच्या तालुक्याचं आजचं रूपच त्या स्थलांतरातून घडलंय, ते काढून फोंड्याच्या किल्ल्याची लढाई दाखवणार कशी?

१९९४ च्या ‘कॉलनायझेशन’ने अमेरिकेतल्या वसाहती दाखवताना गुलामगिरी पूर्ण गाळली. खेळायला छान गेम. पण त्यात मळे पिकतात ते कुणाच्या कष्टावर याचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे त्याचं सगळं अर्थकारण खोटं बोलतं. दुसरीकडे ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ने ज्यूंचा संहार गेमबाहेर ठेवला. तिथलं कारण मला पटतं: त्या गोष्टीसाठी खेळाडूच्या हातात बटण असताच कामा नये. तुम्हाला या दोन्हींच्या मधून जायचंय. ‘धर्मांतर करा, महसूल वाढवा’ असलं बटण नकोच. ‘एज ऑफ एम्पायर्स’मधला पुजारी मंत्र म्हणतो आणि शत्रूचा शिपाई रंग बदलून आपल्याकडे येतो, तिथे ते गमतीचं आहे, गोव्यावरच्या गेममध्ये तीच यंत्रणा बेशरम वाटेल.

मी असं करेन. इन्क्विझिशन विजरईच्या हुकमाखाली ठेवायचं नाही. ते स्वतंत्र सत्ताकेंद्र, खेळाडूला न विचारता चालणारं. त्याचा मुख्य रोख नव्याने ख्रिस्ती झालेल्यांवर होता, ते जुन्या चालीरीती पाळतात का यावर पाळत. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, तेव्हा नियमांत ती नीट उतरवा. खेळाडूला दिसतील ते परिणाम: एखादं गाव अर्धं ओस पडलं, बांध सांभाळायला हात उरले नाहीत, कर्ज देणारा सारस्वत व्यापारी अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, निघून गेला. मग त्याने ठरवायचं, लिस्बनला तक्रार लिहायची (उत्तर पावणेदोन वर्षांनी), चर्चच्या संघांशी वाकडं घ्यायचं, की गप्प बसून गंगाजळी घटताना बघायचं. जी कुटुंबं ख्रिस्ती होऊन गावातच राहिली त्यांना ‘पोर्तुगीज बाजू’च्या रंगात रंगवू नका. त्यांचं शेत तेच, गावकरीतला वाटा तोच, आणि पाळत सगळ्यात जास्त त्यांच्यावर. तुमचा गेम गोव्यात हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांत खेळला जाणार आहे, आणि दोन्हीकडच्या आज्या पाठीमागून स्क्रीनकडे बघणार आहेत.

आता १६८३. पहिल्यांदा जे झालं ते बघू. विजरई कोंदी द आल्व्होरने पावसाळ्यानंतर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला टिकला, संभाजी महाराज कुमक घेऊन पोचले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठे ओहोटीच्या वेळी पाणी ओलांडून जुवे बेटावर उतरले आणि तिथला कोट घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला गेलेला विजरई कसाबसा जीव वाचवून आला. जुन्या गोव्यात त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड तिथे ठेवला, म्हणजे आता राज्य तुम्हीच सांभाळा. पुढे औरंगजेबाचा मुलगा शहा आलम मोठी फौज घेऊन घाटाकडे आला आणि महाराजांना गोव्यातून पाय काढावा लागला.

तुमच्या मित्राचं म्हणणं, गोवा पडला नाही म्हणून गेममध्येही पडू नये. मला ते मान्य नाही. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या २००१ मधल्या दुसऱ्या भागात ठरलेल्या तारखांना ठरलेल्या घटना घडायच्या. पोथी वाचल्यासारखं वाटायचं, आणि ज्याला पोथी पाठ तो सहज जिंकायचा. २००७ च्या तिसऱ्या भागात ते सैल केलं, तर देशांचा स्वतःचा स्वभावच हरवला अशी ओरड झाली. मधला मार्ग म्हणजे निकाल मोकळा ठेवा आणि दाब बांधून ठेवा. मराठा खेळाडूला गोवा घेता आला पाहिजे, पण उत्तरेकडून मोगल येताहेत ही गोष्ट त्याच्या मानेवर बसलेली हवी. ती तारखेवर नको. बातम्यांतून हळूहळू कळू द्या: औरंगजेब दक्षिणेत उतरलाय, शहजादा निघालाय, घाटात रसद जमतेय. किती दिवस उरलेत याचा अंदाज खेळाडूने बांधायचा. जुव्यावरून जुन्या गोव्याकडे एकच उडी बाकी आहे, दोन दिवसांनी अनुकूल ओहोटी आहे आणि शहजादा कुठवर आलाय ते नक्की माहीत नाही. अशा जागी खेळाडू रात्रीचे दोन वाजवतात.

पोर्तुगीज बाजूची अडचण वेगळी आहे, ती तुम्ही विचारली नाहीत. सतराव्या शतकात त्यांची उतरण आहे. डच, पैशाची तंगी, जुन्या गोव्यातली रोगराई. उतरण खेळायला कुणाला आवडत नाही. मायरनेच त्या परिषदेत सांगितलं होतं, की साम्राज्याचा उदय आणि पडझड दोन्ही दाखवायचा त्याचा विचार होता, पण पडझड सुरू झाली की लोक जुनी सेव्ह उघडून मागे जातात. ‘सिव्हिलायझेशन ६’ने २०१८ मध्ये यावर तोडगा काढला: अंधारयुगातून थेट सुवर्णयुगात उडी मारलीत तर नेहमीपेक्षा मोठं बक्षीस. तुमच्याकडे याहून सोपी सोय आहे, दर तीन वर्षांनी विजरई बदलतो. प्रत्येक विजरईचा हिशेब वेगळा मांडा: काय हातात मिळालं, काय मागे ठेवलं. मग चार ठाणी गमावूनही मडगाव राखणारा विजरई ‘जिंकू’ शकतो, आणि पुढच्याला मागच्याची कर्जं भोगावी लागतात. खेळाडू एकच, खुर्ची एकच, दोष द्यायला मात्र मागचा कुणीतरी कायम असतो. गोव्याच्या राजकारणात हे अनोळखी वाटणार नाही.

जिथे वाकवलंय तिथे तसं लिहा. माहितीच्या पानावर एक ओळ पुरते: ‘इथे आम्ही दोन मोहिमा एकत्र केल्या आहेत.’ नाहीतर काय होतं ते गांधींच्या अणुबॉम्बवरून बघा. जुन्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये एका आकड्याच्या चुकीमुळे गांधी अण्वस्त्रं फेकत सुटायचे, ही गोष्ट वर्षानुवर्षं सगळे सांगत राहिले. २०२० मध्ये मायरने स्वतः लिहिलं की तशी चूक मूळ गेममध्ये नव्हतीच. पाचव्या भागात गांधी खरोखर अणुबॉम्बवेडे केले गेले ते मुद्दाम, गंमत म्हणून. गेमबद्दलची दंतकथा इतकी टिकते, तर गेममधली किती टिकेल.

आणि एक काम कोडच्या आधी करा. चार्ट पेपरवर तिसवाडी, बार्देश, साष्टी आणि फोंडा काढा, नदीत काड्यापेटीच्या काड्या ठेवा, आणि ऑक्टोबर ते सप्टेंबर असं एकच वर्ष दोघांत खेळून बघा. एक विजरई, एक मराठा. वही-पेनाने हिशेब. मेच्या टर्नला दोघं जर जागेवरून उठून नकाशावर वाकले, तर कॉम्प्युटर उघडा.